सावकाश होऊ द्या: शेजारच्या टेबलाकडे बघणाऱ्या पुणेकरांस खुलं पत्र

समस्त पुणेकरांस,



श्रावणातला रविवार होता. मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण फर्ग्युसन रस्त्यावर खरेदीला गेलो होतो. पावसाची जोराची सर आली म्हणून समोरच्या बर्गरच्या दुकानात शिरलो आणि कॉफी घेऊन बसलो. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब होतं. नवरा-बायको, आठ-नऊ वर्षांचा मुलगा, त्याच्याहून लहान मुलगी आणि नऊवारीतल्या आजी. पाच जणांत मिळून चिकनचे दोन बर्गर, फ्रेंच फ्राइज आणि एकच कोल्ड्रिंक. आजींनी बर्गरचा कागद ट्रेवर नीट पसरला आणि भाकरी मोडावी तसे दोन्ही बर्गर हातांनी मोडून चतकोर-चतकोर केले. मग सॉसच्या पुड्या घेतल्या. पुडी उघडायची, दोन बोटांच्या चिमटीत धरून खालून वर दाबत आणायची, शेवटचा थेंब कागदावर पडला की पुडीची घडी करून बाजूला ठेवायची. नातवंडं त्या थेंबाकडे डोळे लावून बसली होती.

माझी मैत्रीण म्हणाली, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "हल्ली श्रावणसुद्धा पाळत नाहीत लोक. आणि पोरांना काय खायला घालतात बघ! घरी करायचा कंटाळा, दुसरं काय."

मी मान डोलावली.

शेजारच्या बाईंना ते ऐकू गेलं. त्या काही बोलल्या नाहीत. बर्गरचा रिकामा खोका ट्रेवर पडला होता, त्यावर 'चिकन' असं छापलेलं होतं. तो त्यांनी उचलला आणि पालथा घातला. मुलाच्या तोंडात घास होता. त्याचं चावणं थांबलं. तो आईच्या तोंडाकडे बघत राहिला आणि तिने "खा रे" म्हटल्यावरच पुन्हा चावू लागला. पाच मिनिटांत ती मंडळी उठली. बाहेर पाऊस तसाच होता.

त्या मुलाचा तोंडातच थांबलेला घास काही केल्या माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून हे पत्र. ते माझ्या मैत्रिणीला उद्देशून नाही, तिच्याशी मी घरी जाऊन बोलले. हे आपल्या सगळ्यांना आहे, कारण तिचं वाक्य तिच्या एकटीचं नव्हतं. आपण सगळेच ते बोलतो. कधी मोठ्याने बोलतो, कधी नुसत्या डोळ्यांनी. आणि मान डोलावणारे तर आपल्यात फारच आहेत.

पुढे काही लिहिण्याआधी एक गोष्ट सांगून टाकते. ते कुटुंब कोण, कुठलं, मला माहीत नाही. त्या बाई दिवसभर कुठे राबून आल्या होत्या का, मुलाचा वाढदिवस होता का, आजींनी बर्गर पहिल्यांदाच खाल्ला का, यातलं काहीही मला ठाऊक नाही. अशा प्रसंगाच्या गोष्टींत बहुधा शेवटी एखादं दुःख उघड होतं आणि मग नावं ठेवणाऱ्याला पश्चात्ताप होतो. मला तसं दुःख शोधायचं नाही. समजा, त्या बाईंना त्या दिवशी खरोखरच स्वयंपाकाचा कंटाळा आला होता. समजा, त्यांच्या घरात श्रावण पाळतच नाहीत. तरी त्यांनी आपल्याला खुलासा का द्यावा? समोरच्याची कहाणी ऐकून त्याला माफ करायचं ठरवलं, तरी आपण न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेलेच राहतो. त्या खुर्चीवरून उठावं, एवढंच मला सांगायचं आहे.

ही खुर्ची आपल्या शहरात जुनी आहे. गुरुवार पेठेत, जिला पूर्वी वेताळ पेठ म्हणत, पंचहौद मिशनचं चर्च आहे. त्याचा उंच घंटामनोरा आजही दिसतो. ऑक्टोबर 1890 मध्ये तिथे एका व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातली मोठमोठी मंडळी जमली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यान झाल्यावर मिशनच्या लोकांनी चहा आणि बिस्किटं पुढे केली. कोणी प्यायले, कोणी यजमानांचा मान राखायला नुसता कप हातात घेऊन खाली ठेवला. तिथेच हजर असलेल्या गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींच्या पतींनी, हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या पत्रात छापून आणली. मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला, म्हणून ब्राह्मण समाजात गदारोळ उठला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीसाठी आयोग नेमला गेला, साक्षी झाल्या, प्रायश्चित्तं ठरली. बहिष्काराची झळ चहा पिणाऱ्यांच्या बायकामुलांना, लेकीसुनांना लागली. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत त्या दिवसांबद्दल लिहिलं आहे. अखेर 1892 मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. दुसऱ्यांचे खटले निकाली काढणारा माणूस एका कपभर चहापायी स्वतः आरोपी झाला. रानडे आणि टिळक यांच्यात सामाजिक प्रश्नांवर हाडवैर म्हणावं इतके मतभेद होते, पण त्या चहाने दोघांना एकाच रांगेत उभं केलं.

आज त्याच पुण्यात सकाळी सहाला अमृततुल्यच्या दुकानात पितळी भांड्यात चहा उकळत असतो आणि आपण पाहुण्यांना कौतुकाने तिथे नेतो. ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीसमोर श्रूसबरी बिस्किटांसाठी रांगा लागतात आणि ती बिस्किटं पुण्याची खूण म्हणून मुंबईपासून अमेरिकेपर्यंत जातात. ज्या चहा-बिस्किटांपायी या शहराने आपल्या सर्वांत शहाण्या माणसांना प्रायश्चित्त घ्यायला लावलं, तीच चहा-बिस्किटं आज या शहराची ओळख आहेत. मधल्या काळात चहा बदलला नाही, बिस्किटं बदलली नाहीत. बदललो आपण. पण दुसऱ्याच्या कपाकडे बघायची सवय मात्र आपण तशीच पुढे आणली.

ती सवय कशी टिकून आहे, याची अलीकडची दोन उदाहरणं आपल्याच शहरातली आहेत. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एका सुवर्णपदकासाठीचं परिपत्रक निघालं. त्यातल्या अटींमध्ये विद्यार्थी निर्व्यसनी असावा आणि शाकाहारी असावा, असं लिहिलेलं होतं. अभ्यास करून पहिली आलेली मुलगी घरी सुकट खाते की वरणभात, यावर तिचं पदक अडणार होतं. आणि विद्यापीठाला नाव कोणाचं, तर सावित्रीबाईंचं. राज्यभर आरडाओरड झाली, तेव्हा ते परिपत्रक बाजूला ठेवावं लागलं. त्याआधी, 2015 च्या जानेवारीत, जंगली महाराज रस्त्यावरच्या मॅकडोनल्डच्या बाहेर रस्त्यावर राहणाऱ्या एका मुलाला एका तरुणीने फँटा फ्लोट घेऊन द्यायचं ठरवलं. तो तिच्याबरोबर रांगेत उभा राहिला आणि त्याला तिथून बाहेर काढलं गेलं. तिने ते लिहून जगापुढे मांडलं, दुकानासमोर निदर्शनं झाली, कंपनीला चौकशी करावी लागली. भरल्या ताटावरून कोणाला उठवू नये, असं आपण म्हणतो. त्या पोराला तर ताट समोर येण्याआधीच उठवलं.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे कोणाला बाहेर काढतो? आम्ही नुसतं बघतो, फार तर आपापसात बोलतो. पण त्या श्रावणातल्या रविवारी आम्ही दोघींनी कोणालाही हात लावला नव्हता, तरी एक कुटुंब पावसात निघून गेलं.

आपल्या भाषेत या दोषाला एक नेमका शब्द आहे: पंक्तिप्रपंच. एका पंगतीत बसलेल्यांत भेद करणं. जावयाच्या पानावर तुपाची धार आणि गरीब नातेवाइकाच्या पानावर वरणाचं पाणी, असं करू नये म्हणून आमच्या आजीने आम्हाला वाढायला लावताना हा शब्द शिकवला. ती म्हणायची, वाढणाऱ्याने पानाकडे बघावं, माणसाकडे बघू नये. आणि जेवणाऱ्याने फक्त आपल्या पानाकडे बघावं. पंगतीची ही शिस्त आपल्या आज्यांना ठाऊक होती. ती शिस्त त्या काळात सगळ्यांना मिळाली नाही, हेही खरं. पंगतीच वेगळ्या बसायच्या, पाणवठेच वेगळे होते. म्हणून तर 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही गोष्ट इतकी मोठी ठरली. जोतीरावांचा वाडा गंज पेठेत, पंचहौदापासून चालत जाण्याच्या अंतरावर. एका हौदावर पाणी खुलं झालं, आणि 22 वर्षांनी दुसऱ्या हौदाजवळ चहा घेतला म्हणून शहर पेटलं. दोन्ही पुणंच आहे. आपण कोणत्या हौदाचे वारस व्हायचं, ते आपल्यालाच ठरवायचं आहे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी ही निवड फार साधेपणाने करून दाखवली. त्यांच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली होती. महाराजांनी त्यांना मदत करून चहाचं हॉटेल काढून दिलं. अस्पृश्याच्या हॉटेलात कोण जाणार? महाराज स्वतः गाडी थांबवत, गंगारामांच्या हातचा चहा मागवत आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावत. भाषण न करता, नुसता एक कप पिऊन एका राजाने सांगितलं की इथे बसून खाणं-पिणं हा कमीपणा नाही. नजरेने माणूस खाली जातो, तसा नजरेने वरही येतो.

आता आरोग्याचं बोलू या, कारण हा मुद्दा खोटा नाही. बर्गर, तळलेले बटाटे आणि साखरेचं पाणी हे मुलांच्या रोजच्या आहारात नसावं, हे मलाही मान्य आहे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि असल्या एका जेवणात त्याचा बराच वाटा उरकतो. पण मनापासून विचारा, आपली नजर खरंच मिठावर असते का? पावात घातलेला तळलेला बटाटा लाकडी बाकाजवळ उभं राहून खाल्ला की तो वडापाव, आपला, मराठी मातीतला. त्याच पावात तीच बटाट्याची टिक्की कागदात गुंडाळून काचेच्या दुकानात खाल्ली की संस्कार गेले. पाव आणि बटाटा दोन्ही पोर्तुगिजांच्या मार्गाने आपल्याकडे आले. आपल्या उपासाच्या थाळीतला बटाटा, मिरची, साबुदाणा, सगळं दूरदेशीचं. बर्गरही पुण्याला नवा नाही. मॅकडोनल्डची दुकानं भारतात 1996 पासून उघडू लागली, त्याच्या आधीपासून कॅम्पात इराणी मालकांच्या दुकानात पुणेकर बर्गर खात आले आहेत. रविवारी सकाळी फरसाणाचा डोंगर आणि तर्रीचा थर असलेली मिसळ, वर दोन पाव, वर मस्तानी. हे खाऊन आलेल्या घराला कोणी "मुलांच्या तब्येतीचं काय" असं विचारत नाही. ते खवय्ये. मिसळ खाऊ नका, असं मी म्हणत नाही, मीही खाते. आरोग्याचा मुद्दा आपल्याला कोणाच्या टेबलाजवळ आठवतो आणि कोणाच्या टेबलाजवळ आठवत नाही, तेवढं बघा.

आठवतो तो बहुतेक वेळा अशा टेबलाजवळ, जिथे आईच्या अंगावर साधी साडी आहे. जिथे मुलगा लठ्ठ आहे. जिथे रमजानच्या संध्याकाळी बुरख्यातल्या दोघी मुलांना घेऊन बसल्या आहेत. जिथे गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र लटकवलेली मुलगी रात्री दहाला एकटी खाते आहे. आणि जबाबदार धरली जाते ती जवळजवळ नेहमी आई. त्या रविवारी टेबलावर बापही होता, पण "घरी करायचा कंटाळा" हे वाक्य त्याला लागू होईल, असं माझ्या मैत्रिणीच्या मनात आलं नाही. माझ्याही आलं नाही. ट्रेमधला घास चिकनचा होता, पण निवाडा एका बाईचा चालला होता.

ही दुकानं लोकांना का आवडतात, याचाही एकदा शांतपणे विचार करू या. भिंतीवर दर लिहिलेला असतो. खिशातले पैसे मोजून, लाज न वाटता एकच बर्गर मागता येतो. वेटर समोर उभा राहून "आणखी काय?" म्हणत नाही. कोणतं आडनाव, कोणतं गाव, हे कोणी विचारत नाही. पंखा, प्यायला पाणी, स्वच्छतागृह. गावाकडून आलेल्या आजीला आणि परीक्षेच्या अभ्यासासाठी कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलीला एकाच प्रकारची खुर्ची मिळते. माझ्या लहानपणी पेठेतल्या हॉटेलात बायकांना आडोशाच्या 'फॅमिली रूम'मध्ये बसवत. उघड्यावर बसून खाणारी बाई चांगल्या घरची नाही, अशी समजूत होती. माझ्या आईने आयुष्यात हॉटेलात एकटीने चहा घेतला नाही. आज एक आजी नऊवारीत, पदर सावरून, भर फर्ग्युसन रस्त्यावर नातवंडांना बर्गर मोडून देते. ही या शहरात झालेली चांगली गोष्ट आहे. ती आपण आपल्या डोळ्यांनी मोडून टाकू नये.

ज्यांना मुलांच्या आहाराची खरोखर काळजी आहे, त्यांच्यासाठी करण्यासारखं भरपूर आहे आणि ते शेजारच्या टेबलावर नाही. राज्य सरकारने 2017 मध्येच शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूड विकायला मनाई केली. त्यानंतर 2020 च्या केंद्रीय नियमांनी जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकायला बंदी घातली. आपल्या मुलांच्या शाळेच्या फाटकापासून 50 पावलं मोजून बघा, तिथे काय काय टांगलेलं असतं ते. मग पालकसभेत उभं राहून त्याबद्दल विचारा. दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या खाद्यसाखळ्यांनी 2022 च्या जुलैपासून दरफलकावर प्रत्येक पदार्थाचे उष्मांक लिहायचे आहेत. ते मोठ्या आणि ठळक अक्षरांत नसतील तर काउंटरवर विचारा. तेलातुपातल्या ट्रान्स फॅटवर 2022 पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. ती पाळली जाते का, हे तपासायला अन्न आणि औषध प्रशासनाकडे पुरेशी माणसं आहेत का, हे आपल्या आमदाराला विचारा. मैदानं कमी होत चालली आहेत, मुलांनी खेळायचं कुठे, हे नगरसेवकाला विचारा. आणि हेही ध्यानात असू द्या की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर 100 मुलांपैकी सुमारे 35 मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. याच महाराष्ट्रात कितीतरी मुलांच्या पानात पुरेसं पडतच नाही. काळजीचा जोर तिकडे लावला, तर ती काळजी खरी.

शेजारच्या आईला टोमणा मारून यातलं काहीच होत नाही. टोमणा ऐकलेलं मूल पालेभाजी खायला लागत नाही, ते लपून खायला शिकतं. लठ्ठ म्हणून हिणवलेली मुलगी खेळायला जात नाही, ती वर्गात डबा उघडायचं सोडते. मी तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. मधल्या सुट्टीत डब्याचं झाकण अर्धंच उघडून, वर हाताचा आडोसा धरून खाणारी मुलं मी दर वर्षी बघितली. कोणाच्या डब्यात बोंबील असायचा, कोणाच्या डब्यात रात्रीची शिळी भाकरी आणि चटणी, कोणाच्या डब्यात आईला वेळ नसल्याने आणलेला क्रीमरोल. त्यांच्या घरच्या अन्नात लाजण्यासारखं काही नव्हतं. ती लाज आमच्या डोळ्यांनी त्यांच्या डब्यात घातली होती. त्या रविवारी त्या आईने खोका पालथा घातला, तेव्हा मला ती सगळी अर्धवट उघडलेली झाकणं आठवायला हवी होती. ती मला घरी आल्यावर आठवली.

म्हणून काही विनंत्या करते.

शिक्षकांनो, "डब्यात काय आणलंस?" हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारू नका. पौष्टिक आहाराचे धडे फळ्यावर द्या. कोणाचा डबा उचलून वर्गाला दाखवू नका, चांगला म्हणूनही नाही. एकाचं कौतुक झालं की त्याच क्षणी दुसऱ्याचं झाकण बंद होतं.

डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ मंडळींनो, तुमचं काम मोलाचं आहे. पण आईला आहार सांगताना तिच्या कामाचे तास विचारा, घरात गॅसजवळ आणखी कोण उभं राहतं ते विचारा, आणि बापाला बाहेरच्या बाकावर न बसवता आत बोलवा.

दुकान चालवणाऱ्यांनो, तुमच्या दारात आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक, मग ते मळक्या शर्टातलं असो की इस्त्रीच्या, त्याच रांगेत उभं राहू द्या. एक बर्गर आणि पाच माणसं असली तर पाच कागद द्या, सॉसच्या पुड्या मोजू नका.

आणि माझ्यासारख्यांनो, जे स्वतः बोलत नाहीत, पण मान डोलावतात, आपल्याला सर्वांत जास्त सांगायचं आहे. बोलणारा माणूस आपल्या मानेकडे बघून बोलतो. ती हलली नाही, तर त्याचं वाक्य अर्ध्यावर राहतं. मैत्री मोडायची गरज नाही. "असू दे गं, खाऊ दे त्यांना," एवढं म्हटलं की पुरे. मी त्या दिवशी तेवढंही म्हटलं नाही.

आमच्या आजोळी, भोरजवळच्या गावात, लग्नाची पंगत बसली की घरचा वडीलधारा माणूस हात जोडून पंगतीतून फिरायचा. प्रत्येक पानासमोर क्षणभर थांबायचा. कोण किती खातो हे मोजायला नव्हे, काही हवं-नको बघायला. आणि निघताना एकच वाक्य म्हणायचा: सावकाश होऊ द्या. पोटभर खा, घाई नाही, तुम्ही आमचे आहात, हे सगळं त्या तीन शब्दांत यायचं.

पुणेकरांनो, आपल्या शहरातली पंगत आता फार मोठी झाली आहे. ती नारायण पेठेतल्या खाणावळीपासून कोंढव्यातल्या बिर्याणीपर्यंत आणि हडपसरच्या मॉलमधल्या बर्गरपर्यंत पसरली आहे. त्यात आपण यजमानही आहोत आणि पाहुणेही. पुन्हा कधी शेजारच्या टेबलावर कोणी बर्गर चतकोर-चतकोर करताना दिसलं आणि नजरानजर झाली, तर मान वळवू नका. जरा हसा. बोलायचंच असेल, तर एवढंच बोला.

त्या बाई, त्यांचे यजमान, आजी आणि ती दोन मुलं हे पत्र वाचतील, अशी आशा नाही. तरी त्यांच्याकरता ते वाक्य इथे लिहून ठेवते. त्या संध्याकाळी ते मला म्हणता आलं असतं.

सावकाश होऊ द्या.

आपली,
वारज्यात राहणारी, शनिवार पेठेत वाढलेली एक निवृत्त शिक्षिका
पुणे